डोळे मिटलेला कोबी

ऑक्टोबरातला शनिवार. अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा शेतकरी बाजार १९१९ साली कोर्टाच्या आवाराभोवती भरायला लागला. आता तो केरीटाउनमधल्या लांबलचक छपरांखाली भरतो. निफाडहून आलेली माझी ताई शाल गुंडाळून माझ्याबरोबर फिरत होती. एका टेबलापाशी ती थबकली. तिथे हिरवे सोटे रचून ठेवले होते. दीड-दोन हात लांब, मनगटाएवढे जाड, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत लिंबाएवढ्या गोळ्यांनी गच्च भरलेले.

"ब्रसेल्स स्प्राउट्स," मी म्हणाले.

"स्प्राउट्स? मटकीचे असतात तसे?" तिने एक सोटा उचलून उभा धरला. एका गोळ्याच्या खाली गळून गेलेल्या पानाचा वण होता, तो अंगठ्याने चाचपला. मग पुढच्या गोळ्याखालचा. मग त्याच्या पुढच्या. आणि म्हणाली, "अगं, हे तर डोळे आहेत! उसाला असतात ना, तसे."

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाला जे सांगायला अर्धं पान लागतं, ते तिने चार शब्दांत सांगून टाकलं. ऊस लावणाऱ्या घरातल्या माणसाला डोळा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. उसाच्या प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेत, एक छोटा फुगीर ठिपका असतो. टिपरी जमिनीत गेली की तोच फुटतो आणि त्यातून अख्खा नवा ऊस उभा राहतो. गुलाबावर आपण कलम करतो तेव्हा "डोळा भरतो" म्हणतो, तो हाच. आंब्याला, तुरीला, जास्वंदीला, अंगणातल्या तुळशीलासुद्धा, जिथे पान तिथे बगलेत एक डोळा. प्रत्येक डोळ्यात एक संपूर्ण फांदी घडी घालून ठेवलेली असते.

ब्रसेल्स स्प्राउट्सची प्रत्येक गड्डी म्हणजे असा एक डोळा. उघडायला निघालेला, पण फांदी व्हायच्या आत तिथेच फुगून बसलेला.

आता मोठ्या कोबीकडे बघा. आपण बाजारातून आणतो तो गड्डा म्हणजे तरी काय? तोही डोळाच, फक्त झाडाच्या शेंड्यावरचा. शेंड्याची कळी उमलायचं सोडून पानावर पान लपेटत राहते आणि तिचा दोन किलोचा चेंडू होतो. नवलकोलात फुगतं ते खोड. केलमध्ये पानं मोकळी सुटतात. फ्लॉवर आणि ब्रोकोलीत फुलोरा उमलण्याआधीच थबकतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि हे स्प्राउट्स या सगळ्यांची जात एकच: ब्रासिका ओलेरेसिया. नातेवाईक नव्हे, एकच जात! त्यांचा आपसात संकरसुद्धा होतो. एकाच कणकेची पोळी, पुरी आणि शंकरपाळी करावी तसं माणसाने एका रानटी, खडकाळ किनाऱ्यावरच्या पालेभाजीतून हे सगळं घडवलं. सूक्ष्मदर्शक नाही, जनुकांची कल्पना नाही. फक्त दरवर्षी "हे झाड बरं दिसतंय, याचं बी ठेवूया" एवढंच, पिढ्यान्‌पिढ्या. बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या आसपासच्या बागाईतदारांनी ज्या झाडाचे बगलेतले डोळे जरा जास्त फुगले होते ते निवडलं, म्हणून भाजीला त्या शहराचं नाव मिळालं.

घरी आल्यावर ताईने त्यातली एक गड्डी विळीवर उभी चिरली. तुम्हीही कधी हाती लागली तर चिरून बघा, घाई न करता. मध्ये पांढरा दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना एकावर एक दुमडलेली पानं. बाहेरची हिरवी, आतली पिवळसर, अगदी आतली मेणासारखी. इथवर अपेक्षितच. पण आता भिंग घ्या आणि ही आतली पानं दांड्याला जिथे चिकटलीत तो कोपरा बघा. प्रत्येक बगलेत मोहरीच्या दाण्याएवढा एक पांढरा उंचवटा आहे. डोळ्याच्या आत डोळे! लिंबाएवढ्या गड्डीत आणखी फांद्यांची तयारी, आणि त्या फांद्यांच्या पानांच्या बगलेत पुढच्या फांद्यांची. झाड कुठे संपतं हे या गड्डीत बोट ठेवून दाखवता येत नाही.

सोट्यावरच्या गड्ड्याही कशाही लागलेल्या नसतात. नीट बघितलं तर त्या मळसूत्रासारख्या फिरत वर जातात. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून साधारण १३७.५ अंशांनी वळून उगवतं. त्यामुळे वरचं पान खालच्याच्या डोक्यावर सावली धरून बसत नाही, सगळ्यांना ऊन मिळतं. सूर्यफुलाच्या बिया आणि अननसाचे डोळे हाच कोन पाळतात. अननसाच्या त्या खवल्यांनाही आपण डोळेच म्हणतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

आता मोठा प्रश्न. झाडाला इतके डोळे असतात, तर ते सगळे एकदम का उघडत नाहीत?

कारण शेंडा त्यांना उघडू देत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी तुरीचे शेंडे खुडतो ते कशासाठी? शेंडा गेला की बाजूचे फुटवे जोरात येतात, झाड पसरतं, शेंगा वाढतात. उसाचं सबंध कांडं आडवं लावलं तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालचे झोपूनच राहतात. म्हणून तर आपण दोन डोळ्यांची टिपरी तोडतो. शेंड्याची सत्ता तोडली की प्रत्येक डोळा आपला मालक होतो.

ही सत्ता चालते कशी, याचा एक देखणा प्रयोग १९३३च्या सुमारास केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी केला. त्यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचे शेंडे छाटले. बगलेतले डोळे लगेच फुटू लागले. मग काही रोपांच्या छाटलेल्या टोकावर त्यांनी ऑक्झिन नावाचं वनस्पती-संप्रेरक भरलेला अगारचा, म्हणजे चायना ग्रासच्या जेलीसारखा, तुकडा ठेवला. शेंडा नाही, नुसती जेली! तरी डोळे गप्प राहिले. शेंड्यातून खाली झिरपणारा हा निरोपच त्यांना झोपवून ठेवत होता.

गोष्ट इथे संपली असं कित्येक वर्षं वाटत होतं. पण झाडं इतकी साधी नसतात. २००८ मध्ये कळलं की मुळांकडून वर जाणारं, स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं दुसरं एक संप्रेरकही डोळ्यांना आवरतं. आणि २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दिसलं की शेंडा छाटल्यावर डोळ्याला पहिली जाग आणते ती साखर. वाढता शेंडा हा घरातला खादाड मुलगा; पानांनी रांधलेली बहुतेक साखर तोच फस्त करतो. तो उठून गेला की उरलेली साखर बगलेतल्या उपाशी डोळ्यांपर्यंत पोचते, आणि तीही ऑक्झिनचा निरोप ओसरायच्या आधी. म्हणजे झाडात आधी जेवण पोचतं, मागून पत्र.

स्प्राउट्स पिकवणारे लोक हे सगळं न वाचता वापरत आले आहेत. काढणीच्या तीन-चार आठवडे आधी, खालच्या गड्ड्या बोराएवढ्या झाल्या की ते झाडाचा शेंडा खुडतात. मग सोट्यावरच्या सगळ्या गड्ड्या जवळपास एकाच वेळी भरतात. खुडलेला शेंडाही वाया जात नाही, त्याची पालेभाजी होते.

त्या संध्याकाळी ताईने भाजी केली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, हिरवी मिरची, आणि वर अर्ध्या चिरलेल्या गड्ड्या. त्या कढईत एक कौटुंबिक भेट चालली होती. आपल्या फोडणीतली मोहरी, ब्रासिका जुन्सिया, ही मुळात दोन जातींच्या संकरातून झालेली. एक काळी मोहरी, दुसरी सलगमची जात. या घराण्यातल्या तीन मूळ जाती घ्या: काळी मोहरी, सलगम आणि कोबी. यांच्यातल्या दोन-दोन एकत्र येऊन तीन नव्या जाती झाल्या. १९३५ मध्ये नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने गुणसूत्रं मोजून हा त्रिकोण मांडला: काळ्या मोहरीची ८, कोबीची ९, सलगमची १० अशी पायाभूत संख्या. आपल्या मोहरीची १८, म्हणजे ८ अधिक १०. बेरीज अशी चोख जुळते की शाळेतल्या फळ्यावर मांडावी!

नातं चवीतूनही कळतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना काय होतं आठवा. कोरड्या दाण्याला वास नसतो. पाणी घालून घोटली की नाकात झणका जातो. दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. एकीकडे सिनिग्रिनसारखी गंधकयुक्त द्रव्यं, दुसरीकडे मायरोसिनेज नावाचं विकर. पेशी चिरडल्या की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि झणका तयार होतो. हा झणका आपल्यासाठी नाही, पान कुरतडणाऱ्या किड्यासाठी आहे. अळीने चावा घेतला की तिच्या तोंडातच सुरुंग फुटतो. ब्रसेल्स स्प्राउट्समध्येही हेच सिनिग्रिन आणि हाच सुरुंग असतो. ज्यांना लहानपणी ही भाजी कडू लागली त्यांची तक्रार खरी होती. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवलं की या कडूपणामागे मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन ही दोन द्रव्यं आहेत. मग ही द्रव्यं कमी असलेले जुने वाण शोधून नव्या वाणांशी त्यांचे संकर केले गेले. आजच्या गड्ड्या आपल्या आजीच्या काळातल्यांपेक्षा खरोखरच गोड आहेत.

त्यात ऑक्टोबरातल्या पहिल्या गोठवणाऱ्या थंडीने आणखी गोडी येते. थंडी पडू लागली की झाड साठवलेल्या पिठाची साखर करतं. का? साखर जास्त पडलेली कुल्फी फ्रीजरमध्ये लवकर घट्ट होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी खाली जावं लागतं. पेशीत बर्फाचे सुळके झाले तर पेशी फाटेल, म्हणून झाड आपल्या रक्ताचा पाक करून ठेवतं. आपण चाखतो ती गोडी म्हणजे त्याचं स्वेटर.

ताईने दोनदा भाजी वाढून घेतली आणि विचारलं, "आपल्याकडे येईल का गं हे? एवढ्या उन्हात?"

साधं उत्तर "नाही" असं आहे. या पिकाला गड्ड्या भरताना १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पंचविशीच्या वर गेलं की गड्डी घट्ट होत नाही, पानं सुटतात आणि ती मिटलेल्या कळीसारखी न राहता उमललेल्या गुलाबासारखी दिसू लागते. अमेरिकेतले बहुतेक स्प्राउट्स कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर, हाफ मून बे ते सांताक्रूझ आणि माँटेरे या चिंचोळ्या पट्ट्यात होतात, ते यामुळेच. तिथे थंडगार पॅसिफिकवरून उन्हाळाभर धुकं येतं आणि शेतावर ओलं फडकं टाकल्यासारखं पसरतं. टेकडी ओलांडून आत गेलात की तोच उन्हाळा भाजून काढतो.

पण झाडाला कळतं कसं, की आज गरम आहे? त्याला ना कातडी, ना नसा. याचं उत्तर २०१६ मध्ये दोन ठिकाणी, केंब्रिजमध्ये आणि ब्युनॉस आयर्समध्ये, मिळालं आणि ते वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते. कोबीच्याच घराण्यात अरॅबिडॉप्सिस नावाचं वीतभर उंचीचं तण आहे. त्याच्यात फायटोक्रोम बी नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम प्रकाश ओळखणं, हे जुनंच माहीत होतं. दिवसा उजेडात ते "चालू" होतं आणि खोडाला सांगतं, फार ताणू नकोस. अंधार पडला की ते हळूहळू आपोआप "बंद" पडतं. कळलं ते असं, की रात्र जितकी उबदार तितकं ते लवकर बंद पडतं. दाराला लावलेली कडी उकाड्यात आपसूक सरकत जावी, तसं! कडी सरकली की वाढीला मोकळं रान: दांडे लांबतात, पानं उचलली जातात, अंतरं वाढतात. झाड ज्याने बघतं त्यानेच ऊब मोजतं. डोळा आणि तापमापक एकच.

गड्डी म्हणजे दोन पानांमधलं अंतर जवळजवळ शून्य असलेली फांदी. हे अंतर वाढू लागलं तर गड्डी राहील कशी? उष्ण हवेत ती "बिघडत" नाही. डोळा फक्त तेच करायला लागतो, जे करण्यासाठी तो जन्माला आला आहे. तो उघडतो. या पिकाची सगळी कला म्हणजे उघडायला निघालेल्या डोळ्याला अर्ध्यावर थांबवून धरणं, आणि ते काम माणूस नाही, गारवा करतो.

पण गंमत पुढे आहे. ॲन आर्बर काही थंडगार गाव नाही. जुलैत इथे दुपारचं तापमान २८ अंशांच्या आसपास असतं आणि घाम निथळतो. मी मेच्या सुरुवातीला घरात बी टाकते आणि जूनच्या मध्याला रोपं वाफ्यात लावते. म्हणजे माझं पीक अख्खा उन्हाळा उन्हातच काढतं आणि आनंदाने वाढतं! त्या काळात ते फक्त खोड आणि पानं करतं. डोळे भरायची वेळ येते सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा रात्री गार झालेल्या असतात. झाडाला उष्णतेचं वावडं सगळ्या आयुष्यभर नाही, शेवटचे सात-आठ आठवडे आहे.

मग निफाड का नाही? दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात "निफाडचा पारा घसरला" ही बातमी ठरलेली असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर एखाद्या पहाटे ४-५ अंशांची नोंद होते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अडचण थंडी नसण्याची नाही, ती फार लवकर संपण्याची आहे. महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत निघून जाते, आणि तिच्याआधी डोळे भरून व्हायला हवेत. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. काढणी जानेवारीत, तर शेंडा डिसेंबरच्या अखेरीस खुडायचा, लागवड सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शेडनेटखाली गादीवाफ्यावर. प्रत्येक पानाच्या बगलेत एक गड्डी, म्हणजे थंडी येण्याआधी जितकी पानं झाली तितकीच गड्ड्यांची बेगमी. पावसाळा सरतानाची ऊब इथे शत्रू नसून मजूर आहे. वाण लवकर येणारा हवा. जमीन रोपाभोवती पायाने घट्ट दाबायची, आणि थंडी सुरू झाल्यावर युरियाचा हात आखडायचा, कारण नत्र जास्त झालं की गड्डी सैल सुटते.

माझा भरवसा फ्लॉवरवर होता. आज गल्लोगल्ली मिळणारा फ्लॉवर आपला नाही. १८२२ साली तो इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आला. थंड देशातलं पीक, उत्तरेच्या मैदानात कसं टिकणार? पण शेतकरी दरवर्षी जे झाड उकाड्यातही गड्डा धरे त्याचं बी राखत गेले आणि शंभरेक वर्षांत एक निराळा, भारतीय फ्लॉवर घडला. तो २० अंशांच्या वरही गड्डा धरतो, आणि मैदानी हिवाळ्यातच फुलून बीसुद्धा देतो. एक जात, एक देश, आणि तिची सवयच बदलली. स्प्राउट्सच्या वाट्याला अशी शंभर वर्षं अजून आलेली नाहीत.

ताईने पुढच्या वर्षी द्राक्षबागेच्या कडेला तीस रोपं लावली. कडेने तिने मोहरी पेरली, कोबीच्या शेतात सापळा पीक म्हणून पेरतात तशी; दर २५ ओळी कोबीमागे दोन ओळी मोहरी ही शिफारस आपल्याकडे जुनी आहे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीवर अंडी घालण्यापेक्षा मोहरीकडे ओढला जातो. आणि का जातो, ऐका! तोच तो झणका. ज्या सुरुंगाने अळी मरायला हवी, त्याला निकामी करणारं विकर या पतंगाच्या अळीने कमावलं आहे. २००२ मध्ये ते सापडलं. बाकीच्या किड्यांसाठी जो वास "दूर राहा" असा इशारा आहे, तो याच्यासाठी खाणावळीची पाटी झाला.

जानेवारीच्या शेवटी तिने फोनवर सोटा दाखवला. मी तो स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि बघतच राहिले. खालच्या अर्ध्या भागात सुपारीएवढ्या, घट्ट, चकचकीत गड्ड्या. मधल्या जरा सैल. वरच्या चार ओळी पार उमललेल्या. खालचे डोळे आधी भरतात, वरचे मागून. त्यामुळे त्या एका सोट्यावर निफाडचा सगळा हिवाळा बुडापासून शेंड्यापर्यंत लिहिला गेला होता: डिसेंबरातल्या कडाक्याच्या रात्री, मग संक्रांत, मग ऊन तापायला लागलं तो आठवडा. हवामान खात्याचा तक्ता ठेवला असता तर तारखा जुळवता आल्या असत्या.

तिने खालच्या गड्ड्यांची भाजी केली. वरच्या फुललेल्यांची भजी केली. आणि एक झाड मुद्दाम ठेवून दिलं, पुढे काय करतं ते बघायला.

एक मीही ठेवलं होतं. खरं तर पाच. इथला हिवाळा सहसा कुणालाच सोडत नाही, पण त्या वर्षी तो सौम्य होता आणि बर्फाच्या रजईखाली पाचातला एक सोटा तगला.

आता या दोन झाडांचं काय व्हावं? कोबीवर्गातल्या या झाडांना फुलायच्या आधी हिवाळा भोगावा लागतो. त्यांच्या पेशींत एफएलसी नावाचं जनुक असतं, ते "अजून नाही, अजून नाही" असं फुलण्याला अडवत राहतं. १९९९ मध्ये ते ओळखलं गेलं, एकीकडे ऑस्ट्रेलियात आणि दुसरीकडे इथून मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठाला असलेल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या विद्यापीठात. थंडीत हे जनुक गुंडाळून बांधून माळ्यावर टाकलं जातं. पण एकदम सगळीकडे नाही. नॉरिचमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की प्रत्येक पेशी आपापला निर्णय घेते. रात्री गावातली घरं एकेक करून दिवे मालवत जावीत तसं. जितका लांब हिवाळा, तितकी जास्त घरं अंधारात. किती दिवे मालवले, यावरून झाडाला कळतं हिवाळा खरंच होऊन गेला की नुसती एखादी गार लाट होती. आणि ऊन परतल्यावरही मालवलेले दिवे मालवलेलेच राहतात. मेंदू नसलेल्या झाडाला गेल्या जानेवारीची आठवण असते!

निफाडच्या झाडाला थंड रात्री मिळाल्या, पण दुपारी २७-२८ अंशांचं ऊनही मिळालं. गुढीपाडव्यापर्यंत त्याचा प्रत्येक डोळा उघडला. निघाली ती पानं. नुसती पानं, झुबक्यांनी. "सोट्याला तुरे लावल्यासारखं दिसतंय," ताई म्हणाली. फूल एकही नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी वाफ्यावर गेले तर माझा काळवंडलेला सोटा जागोजागी फाटला होता आणि प्रत्येक गड्डीतून हातभर दांडी वर आली होती. टोकाला कळ्यांचे घोस, त्यांत काही उमललेल्या. चार पाकळ्या, फुलीसारख्या, लख्ख पिवळ्या. मी ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन फुलांसमोर धरला.

"मोहरी कधी लावलीस?" तिने विचारलं.

मी एक कळी तोडून तोंडात टाकली. आधी गोड लागली. मग नाकात झणका गेला.